डीएनए टेस्टने दुधातली सगळी भेसळ पकडता येते म्हणे? त्या मेसेजमधला एकेक मुद्दा घेऊन उत्तर

गेल्या पंधरा-वीस दिवसांत एकच मेसेज मला कितीतरी ग्रुपवर आला, भावकीच्या, कॉलनीच्या, शाळेच्या बॅचच्या, आणि जवळपास प्रत्येक वेळी खाली कोणीतरी विचारलेलं की ताई तू लॅबमधे आहेस ना, हे खरं आहे का. मेसेज थोडक्यात असा: आता डीएनए टेस्ट आलीये, दुधाच्या एका थेंबात युरिया, साबण, पाणी, पावडर सगळं सापडतं. डेअरीवाले दूध उकळून डीएनए मारून टाकतात म्हणून ते सापडत नाहीत. म्हशीच्या दुधात गाईचा डीएनए निघाला की दूध नकली समजा. तुपात चरबी आहे का तेही डीएनए लगेच सांगतो. देशी ए-टू दूध डीएनए सर्टिफिकेट बघूनच घ्या. देशातलं ६८ टक्के दूध भेसळीचं आहे आणि डब्ल्यूएचओ म्हणतं की २०२५ पर्यंत ८७ टक्के लोकांना कॅन्सर होणार. आणि शेवटी, सुट्ट्या दूधवाल्याचं दूध आजच बंद करा, पाचशे रुपयांचं डीएनए किट मागवा.

आधी मी दोन ओळीत "चुकीचं आहे" लिहून सोडून देत होते. पण अमळनेरजवळच्या आमच्या गावाहून काकूचा फोन आला. तिच्या चार म्हशी आहेत, रोज सकाळी मोटरसायकलवर आप्पा कॅन घेऊन शहरात जातात, एका कॉलनीत बारा घरी रतीब आहे, आणि त्या बारापैकी सहा घरांनी एकाच आठवड्यात रतीब बंद केला. एका ताईंनी मेसेज दाखवून सांगितलं, डीएनए सर्टिफिकेट आणा मग घेऊ. काकूला डीएनए म्हणजे काय तेच माहीत नाही, ती मला विचारत होती की हे पंचायत समितीत मिळतं का. म्हणून आता बसून सगळं लिहितेय, लांब होईल, पण वाचा.

"एका थेंबात युरिया, साबण, पाणी सगळं सापडतं"

हा मेसेजचा पाया आहे आणि तोच कच्चा आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेते.

डीएनए म्हणजे पेशीच्या आत असलेली, तो जीव कोणता आहे ते सांगणारी माहिती. दुधात तो येतो कुठून? जनावराच्या कासेतल्या पेशी दुधाबरोबर बाहेर पडतात, काही पांढऱ्या पेशी, काही कासेच्या आतल्या अस्तराच्या. निरोगी जनावराच्या एक मिली दुधात अशा साधारण लाखभर पेशी असतात. लॅबमधे दुधाचं सॅम्पल आलं की आम्ही ते नळीत घालतो आणि सेंट्रिफ्यूजमधे जोरात फिरवतो. थांबल्यावर बघितलं तर वर सायीचा घट्ट थर चढलेला असतो, मधे पातळ निळसर दूध, आणि नळीच्या अगदी बुडाला बाजरीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका चिकटलेला. आम्हाला तेवढा ठिपकाच हवा असतो, पेशी त्यात असतात. साय आणि दूध आम्ही ओतून देतो.

आता विचार करा, युरिया कुठे असेल? पाण्यात विरघळलेला, म्हणजे मधल्या दुधात. साबण? तोही मुख्यतः तिथेच. तेल? वरच्या थरात. वरून घातलेलं पाणी? ते तर मधलं दूधच झालं. म्हणजे मेसेज ज्या ज्या भेसळीची नावं घेतो ते सगळं आम्ही पहिल्या दहा मिनिटांत बेसिनमधे ओतून मोकळे होतो आणि मग डीएनएचं काम सुरू होतं. युरिया हे कारखान्यात बनलेलं रसायन आहे, त्याला डीएनए नाही. साबणाला नाही, पाण्याला नाही, कॉस्टिक सोड्याला नाही. रिफाइंड तेल मुळात सोयाबीनचं किंवा सरकीचं असलं तरी रिफायनरीतून निघेपर्यंत त्यात डीएनए जवळपास उरतच नाही.

पुढचं काम म्हणजे पीसीआर. कोरोनात नाकात काडी घालून आरटी-पीसीआर करायचे ना, तंत्र तेच. एक छोटासा डीएनएचा तुकडा, ज्याला प्रायमर म्हणतात, तो फक्त गाईच्या डीएनएला चिकटेल असा बनवलेला असतो, दुसरा फक्त म्हशीच्या, तिसरा शेळीच्या. चिकटला तर तेवढ्या भागाच्या लाखो-कोटी कॉप्या तयार होतात आणि आपल्याला दिसतात. बहुतेक वेळा मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) डीएनए बघतात कारण एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, सायटोक्रोम बी नावाचा जीन त्यासाठी फार वापरतात. पण लक्षात ठेवा, ही टेस्ट विचारलं तेवढंच सांगते. गाय आहे का विचारलं तर गाय आहे-नाही सांगेल. सोयाबीनचं दूध मिसळलंय का हे बघायचं तर सोयाचा वेगळा प्रायमर लावावा लागतो. आपण विचारलं नाही ते ती स्वतःहून कधीच सांगत नाही.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मेसेजमधे कुठेच नाही. समजा कोणी दहा लिटर चांगल्या म्हशीच्या दुधात दहा लिटर पाणी, तेल, साबण आणि युरियाचं मिश्रण घातलं. डीएनए टेस्टचा रिपोर्ट काय येईल? "म्हैस, शंभर टक्के." कारण त्या वीस लिटरमधे ज्या काही पेशी आहेत त्या सगळ्या म्हशीच्याच. म्हणजे असं सर्टिफिकेट दारावर लावून सगळ्यात वाईट भेसळीचं दूध आरामात विकता येईल. जी ताई काकूकडे डीएनए सर्टिफिकेट मागतेय तिची फसवणूक उद्या याच कागदाने होऊ शकते, म्हणून मला एवढं कळकळीने लिहावंसं वाटतं.

पावडरचंही तेच. गाईच्या दुधात गाईच्याच दुधाची पावडर कालवली तर डीएनए एकच, टेस्टला फरक कळणार नाही.

मग या गोष्टी पकडायच्या कशाने? पाणी पकडायला फ्रीझिंग पॉइंट बघतात, दूध शून्याच्या खाली साधारण अर्ध्या डिग्रीला गोठतं, पाणी घातलं की तो आकडा शून्याकडे सरकतो. नुसत्या लॅक्टोमीटरवर, म्हणजे दुधाची घनता दाखवणाऱ्या नळीवर, विसंबू नये कारण साखर, मीठ, युरिया घालून डिग्री परत वर आणता येते, आणि आपल्याकडे मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस तापमानात दूध गरम असतं तेव्हा डिग्री तशीही कमी दिसते, दूध प्रमाण तापमानाला आणल्याशिवाय ते रीडिंग धरायचंच नाही. युरियाचं वेगळं, दुधात युरिया निसर्गतःच असतो, कायद्याने ७०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ७००) चालतो, म्हणून "युरिया सापडला" एवढ्यावरून कोणाला चोर म्हणायचं नाही, किती सापडला ते बघायचं. या सगळ्या रसायनाच्या टेस्ट आहेत, जुन्या आहेत, स्वस्त आहेत, आणि त्या कामासाठी डीएनएपेक्षा कितीतरी पटीने बऱ्या आहेत.

"दूध उकळलं की डीएनए मरतो"

डीएनए जिवंत नसतो, त्यामुळे मरायचा प्रश्न नाही. आणि पीसीआर मशीनमधे आम्ही स्वतःच डीएनए दर फेरीला ९५ डिग्रीला तापवतो, अशा तीस-पस्तीस फेऱ्या होतात. तेवढ्याने तो नाहीसा होत असता तर टेस्टच चालली नसती. पाश्चरायझेशन म्हणजे ७२ डिग्री, पंधरा सेकंद. त्याने काही होत नाही. खूप वेळ उकळलं, आटवून मावा केला, फाडून पनीर केलं, दही लावलं तर डीएनएचे तुकडे पडतात हे खरं, आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की जास्त पडतात. पण आपल्याला डीएनएच्या शेदीडशे अक्षरांचा, म्हणजे अगदी छोटा, तुकडा पुरतो. पॅकेटच्या दुधातून, माव्यातून, पनीरमधून जनावर ओळखता येतं. घरी दूध उकळणाऱ्या कुठल्याही माणसाने पुरावा मिटवलेला नाहीये, तो फक्त जंतू मारतोय, आणि ते केलंच पाहिजे.

"म्हशीच्या दुधात गाईचा डीएनए सापडला म्हणजे दूध नकली"

इथे मेसेजला थोडं खरं धरून लिहावं लागेल, कारण डीएनए टेस्टचं खरं काम हेच आहे. म्हशीचं दूध महाग, गाईचं स्वस्त, म्हणून म्हशीच्या दुधात गाईचं मिसळून म्हशीच्या भावाने विकायचं हा प्रकार होतो. इटलीत मोझारेला चीज म्हशीच्या दुधाचंच असावं असा नियम असलेला एक नावाजलेला प्रकार आहे, तिथेही गाईचं दूध घुसवतात आणि तिथेही अशा तपासण्या लागतात. पीसीआर एक टक्का मिसळ सहज पकडतो, कधी त्याच्याही खाली.

पण तेवढाच तिचा धोकाही आहे. ज्या संकलन केंद्रावर सकाळी आधी गाईचं दूध मोजलं आणि तेच माप, तोच गाळणा, तोच कॅन नुसता विसळून म्हशीच्या दुधाला वापरला, तिथे म्हशीच्या दुधात गाईचा डीएनए येणारच. तो मुद्दाम मिसळलेला नाही. म्हणून शहाणी लॅब नुसतं "गाय सापडली" असं लिहीत नाही, किती सापडली ते बघते आणि एका मर्यादेखालचं मिसळ म्हणून धरत नाही.

आता ते "किती" पण इतकं सोपं नाही. आम्ही मोजतो पेशींचा डीएनए, दुधाचे लिटर नाही. एखाद्या गाईला मस्टायटीस झाला, आपल्याकडे कास दगडी झाली म्हणतात, तर तिच्या दुधात पेशी दहापट-वीसपट वाढतात. अशा एका गाईचं थोडंसं दूध मोठ्या कॅनमधे पडलं तरी डीएनएच्या हिशोबात ते खूप जास्त दिसतं. म्हणजे रिपोर्टवर "२० टक्के गाय" आलं म्हणून शंभर लिटरमधे वीस लिटर गाईचं होतं असं छातीठोक कोणी सांगू नये. कोर्टात उभं राहायचं तर प्रोटीनची टेस्ट सोबत लागते, युरोपात तर अशा चीजसाठी ठरवून दिलेली अधिकृत पद्धत केसीन प्रोटीनचीच आहे, डीएनएची नाही.

आणि गाईचं दूध मिसळलं तरी ते दूधच असतं, विष नाही. फसवणूक आहे, पैशाची आहे, कारवाई व्हावी. पण "नकली", "केमिकलचं", "मुलांना देऊ नका" हे शब्द वेगळ्या गोष्टीचे आहेत, दोन्ही एका ओळीत टाकून लोकांना घाबरवू नका.

"तुपातली चरबी डीएनए लगेच सांगतो"

हा मुद्दा आमच्या घरचा आहे.

तुपात डीएनए फार कमी उरतो, पाणी आणि बेरी दोन्ही निघून गेलेली असतात, तरी काढता येतो, कष्टाचं काम आहे. डुकराची चरबी असेल तर डुकराचा डीएनए दिसू शकतो, तो दुधात असायचं कारणच नाही. पण गाईच्या तुपात गाईचीच चरबी वितळवून घातली तर? जनावर तेच, डीएनए तोच. टेस्ट म्हणेल "गाय". म्हणजे ज्या भेसळीची लोकांना सगळ्यात जास्त किळस आणि भीती वाटते तिच्यापुढे ही टेस्ट आंधळी आहे. २०२४ मधे तिरुपतीच्या लाडवाच्या तुपाचा रिपोर्ट सगळ्या फोनवर फिरला, तोही डीएनएचा नव्हता. आणंदच्या एनडीडीबीच्या (राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाच्या) काफ नावाच्या लॅबचा होता आणि त्यात एस-व्हॅल्यू होती, म्हणजे तुपातल्या फॅटचे वेगवेगळे प्रकार गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजून त्यावरून काढलेला आकडा. त्याच रिपोर्टला जोडून लिहिलेलं होतं की जनावराला तेल जास्त खाऊ घातलं, जनावर उपाशी असलं, अशा काही परिस्थितीत हा आकडा शुद्ध तुपातही चुकीचा येऊ शकतो. ते पान कोणी फॉरवर्ड केलं नाही.

जनावराच्या खाण्याने आकडा चुकू शकतो, हे खान्देशातल्या माणसाने दोनदा वाचावं, कारण आपली म्हैस काय खाते? सरकी ढेप. कापसाचा पट्टा आहे आपला, जिनिंग शेजारी, ढेप स्वस्त, दादर ज्वारीचा कडबा आणि ढेप यावर आपल्या म्हशी जगतात. सरकी खाणाऱ्या म्हशीचं तूप वेगळं असतं. जास्त घट्ट होतं, उशिरा वितळतं, आरएम व्हॅल्यू (तुपातल्या हलक्या फॅटी ॲसिडांचा आकडा) कमी येते, बीआर रीडिंग (तुपातून जाताना प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) वर जातं, आणि तुपात वनस्पती तेल घातल्यावरही आकडे साधारण तिकडेच सरकतात. एवढंच नाही, सरकीच्या तेलातली काही खास फॅटी ॲसिडं म्हशीच्या पोटातून दुधात उतरतात, आणि सरकीचं तेल ओळखायची जी हाल्फेन नावाची टेस्ट आहे ती अशा शंभर टक्के शुद्ध तुपालाही लाल रंग देते. हे जुन्या लोकांना माहीत होतं म्हणून तर ॲगमार्कच्या जुन्या नियमांत कापूसपट्ट्यातल्या तुपासाठी आकडे वेगळे ठेवलेले होते.

काही वर्षांपूर्वी काकूने आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पंधरा किलो तूप एका व्यापाऱ्याला दिलं होतं. त्याने कुठल्यातरी लॅबमधून तपासून आणलं, रिपोर्ट "वनस्पती तेलाची भेसळ". डबा परत, पैसे नाही, आणि गावात बोलणं झालं ते वेगळंच. मी तेव्हा नोकरीला नवीन होते, मला वाटलं रिपोर्ट आहे म्हणजे खरंच असेल, मी काकूला विचारलं सुद्धा की आप्पांनी काही घातलं होतं का. ती चुलीपुढे बसली होती, उठली नाही, एवढंच म्हणाली, "मनी म्हैस सरकी खास, डालडा नही खात." (माझी म्हैस सरकी खाते, डालडा नाही खात.) तिला माझ्या लॅबच्या पुस्तकातलं उत्तर माहीत नव्हतं, पण उत्तर तेच होतं. मला ते वाचून कळायला अजून दोन वर्षं लागली. तो प्रश्न मी तिला विचारला होता हे मला आजही खुपतं.

डालड्याचंच सांगायचं तर त्याची एक साधी टेस्ट कायद्यानेच करून ठेवलीये. आपल्या देशात वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं गेलं, कशासाठी, तर बाऊडोइन टेस्टमधे तिळाचं तेल लाल रंग देतं आणि तुपात डालडा घातला की लगेच पकडला जातो. यात हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं, घरी करू नका. आणि भेसळ करणाऱ्याने तीळ नसलेलं तेल वापरलं तर ही टेस्ट चुकते, म्हणून एकाच टेस्टवर कधीच निकाल लावायचा नसतो.

"देशी ए-टू दुधाचं डीएनए सर्टिफिकेट"

ए-वन, ए-टू हा फरक बीटा-केसीन नावाच्या प्रोटीनचा आहे, ६७ व्या जागी एक अमिनो ॲसिड बदलतं, ए-टूमधे प्रोलीन, ए-वनमधे हिस्टिडीन. गाईचं रक्त किंवा केस घेऊन हा जीन तपासता येतो, ते खरं आहे. आपल्या बहुतेक देशी गाई ए-टूच असतात, आणि म्हशीही. म्हणजे काकूच्या म्हशीचं दूध ए-टू आहे, तिने कधी त्याचे जास्त पैसे घेतले नाहीत. एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, ऑगस्ट २०२४ मधे पाकिटावरून ए-वन ए-टूचे दावे काढायला सांगितलं आणि आठवड्याभरातच तो आदेश मागे घेतला, त्यामुळे कायद्याच्या बाजूनेही गोष्ट लटकलेलीच आहे.

पण "देशी" ओळखायचं असेल तर अजून एक अडचण. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. आपल्याकडे ज्या संकरित गाई आहेत त्यांच्या मागच्या पिढ्यांत बहुतेक वेळा आई गावठी आणि वीर्य एचएफ (होल्स्टीन) किंवा जर्सी या परदेशी जातीच्या वळूचं. तिचा मायटोकॉन्ड्रिया तपासला तर तो सांगेल देशी. दूध वीस लिटर देतेय, अंगावर काळेपांढरे पट्टे आहेत, आणि रिपोर्ट देशी. कोणता डीएनए तपासला हे ज्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं नाही त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

"६८ टक्के दूध भेसळीचं, ८७ टक्के लोकांना कॅन्सर"

८७ टक्क्यांचं आधी संपवते. डब्ल्यूएचओने असं काहीही म्हटलेलं नाही, केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मधे तसा खुलासाही केला. आणि २०२५ उलटूनही गेलं.

६८ चा आकडा मात्र खरा आहे, अर्थ चुकीचा लावलाय. एफएसएसएआयने २०११ मधे १,७९१ सॅम्पल घेतले, त्यातले ६८.४ टक्के ठरलेल्या मानकात बसले नाहीत. मानकात न बसणं म्हणजे मुख्यतः काय, तर फॅट किंवा एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) कमी, पाणी जास्त, कुठे पावडर. साबण सापडला तो साधारण शंभर सॅम्पलमधे. ते वाईटच, पण ६८ टक्के दुधात विष असं नव्हे. मग २०१८ मधे त्यांनी मोठा सर्व्हे केला, देशभरातून ६,४३२ सॅम्पल. भेसळ म्हणजे युरिया, साबण, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे सापडलेले सॅम्पल होते बारा. हजारो नाही, शेकडो नाही, फक्त बारा.

पण त्याच सर्व्हेतला जो आकडा खरंच घाबरण्यासारखा आहे तो कुठल्याच मेसेजमधे नाही. ३६८ सॅम्पलमधे अफ्लाटॉक्सिन एम-वन मर्यादेपेक्षा जास्त होतं आणि ७७ मधे अँटिबायोटिक. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आहे. ओलसर ढेपेवर, पावसात भिजलेल्या चाऱ्यावर, मक्याच्या खराब दाण्यावर बुरशी येते, जनावर ते खातं, विष थोडं बदलून दुधात उतरतं, आणि दूध उकळून ते जात नाही. यकृताला घातक आहे, कॅन्सरशी याचा संबंध खरोखरचा आहे. अँटिबायोटिकचं म्हणजे दगडी झालेल्या कासेत ट्यूब सोडली आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस न थांबता दूध कॅनमधे ओतलं. यात कोणी काही "मिसळलं" नाही, म्हणून याला भेसळ म्हणत नाहीत, डीएनए टेस्टमधे हे दिसत नाही, घरच्या कुठल्या टेस्टमधेही दिसत नाही. आणि एफएसएसएआयने हेही सांगितलं होतं की अफ्लाटॉक्सिनचा त्रास सुट्ट्या दुधापेक्षा पॅकेटच्या दुधात जास्त आढळला. म्हणजे रतीब बंद करून पॅकेट सुरू केलं की आपण सुटलो असं अजिबात नाही.

"पाचशे रुपयांचं किट मागवा"

डीएनए टेस्टला पेशी वेगळ्या करायच्या, डीएनए काढायचा, मशीनवर दीड-दोन तास चालवायचा, सोबत गाय-म्हैस माहीत असलेले नमुने आणि एक रिकामा नमुना चालवायचा, नाहीतर मागच्या सॅम्पलचा कण उडून आला तरी कळत नाही. हे ओट्यावर होत नाही. बाजारात ज्या पट्ट्या मिळतात त्या रसायनं तपासायच्या असतात, कर्नालच्या एनडीआरआयनेही तशा पट्ट्या तयार केल्यात, त्या उपयोगाच्या आहेत. फक्त त्यांना डीएनए किट म्हणून विकू नये.

घरी एवढं करा. पाचेक मिली दुधात तेवढंच पाणी घालून बाटली जोरात हलवा, साबण असेल तर दाट फेस येतो आणि टिकतो, नसेल तर पातळ थर येऊन बसतो. माव्यात, पनीरमधे पीठ आहे का बघायला थोडं पाण्यात उकळून, थंड करून, मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन दोन थेंब टाका, निळं झालं तर स्टार्च आहे. युरियासाठी एक चमचा दुधात अर्धा चमचा तुरीच्या डाळीचं पीठ हलवून पाच मिनिटं ठेवा, मग लाल लिटमस बुडवून अर्ध्या मिनिटाने बघा, निळा झाला तर जास्तीचा युरिया असण्याची शंका. शंकाच बरं का. खात्री करायची तर अन्न सुरक्षा कायदा २००६ चं कलम ४० आहे, कोणीही ग्राहक फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, भेसळ निघाली तर फी परत मिळते. विकणाऱ्याला तेव्हाच सांगायचं असतं की मी हे तपासायला देतोय. समोरासमोर, त्याच्याच कॅनमधलं. हे ग्रुपवर नाव टाकून बदनाम करण्यापेक्षा कितीतरी सरळ आहे.

गेल्या रविवारी मी गावी गेले होते. काकूबरोबर कॉलनीत त्या सहा घरी जाऊन आले, स्टीलचं ताट, बाटली, आयोडीन सगळं घेऊन, तीन ताईंनी समोर बसून बघितलं, दोघींनी सोमवारपासून परत दूध लावलं, बाकीच्यांचं अजून नाही. संध्याकाळी गोठ्यात बसून मी काकूला अफ्लाटॉक्सिनचं सांगत होते, ढेपेवरची हिरवी बुरशी कशी असते ते. ती ऐकून घेत होती, मग उठून कोपऱ्यातलं पोतं ओढून आणलं, अवकाळीत पत्र्यातून गळलं होतं तेव्हा एका बाजूने भिजलेलं. तिने वरचा हिरवा-काळा थर खरवडून काढला होता आणि खालची ढेप आठ दिवसांपासून घालत होती. "मंग हाई ढेप देवानी नही का?" (मग ही ढेप द्यायची नाही का?) मी म्हटलं नाही काकू, खरवडून भागत नाही, विष आत गेलेलं असतं. आप्पा म्हणाले अर्ध्याच्या वर पोतं शिल्लक आहे. काकूने मोटरसायकलची चावी आप्पांच्या हातात दिली आणि ते पोतं त्यांनी गावाबाहेर खड्ड्यात नेऊन टाकलं.